लोखंडी शिपायाचं नाव

हां, तर सूर्यभान त्या पत्र्याच्या अंगात उभा आणि मी त्याच्या पाठीमागून बोल्ट आवळतोय, इथंच काल आपण थांबलो होतो. "दादा, ह्येच्यातनं बाहीर निगायचं कसं?" असं त्यानं आतून विचारलं, आणि तेवढ्यात आमच्या सूनबाईनं, पुष्पावतीनं, जेवायला हाक मारली. गोष्ट तिथंच राहिली, ती आज लिहूनच काढतो. काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागून घेतो. मला काय, मागून घ्यायला आवडतंच.

साल चौऱ्याहत्तर. आमचं गाव नगर जिल्ह्यातल्या बेलापूरपासून दोन कोसांवर. आदल्या वर्षी दुष्काळामुळं भैरोबाची जत्रा नुसता नारळ फोडून उरकली होती, म्हणून यंदा दणक्यात करायची असं सगळ्यांनी ठरवलं. रात्री तमाशा होता, दुपार मोकळी होती. दुपारी गावच्या पोरांनी नाटक करायचं आणि ते मी लिहायचं. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा. शिक्षण गावच्या शाळेत सातवी, पण वाचायचा नाद भारी. बेलापुरातनं कुणाचा तरी जुना दिवाळी अंक आणला होता, त्यात एक विज्ञानकथा होती. यंत्राचा माणूस. तो दार उघडायचा, टोपी घ्यायचा, मालकाला चहा आणून द्यायचा. मी म्हटलं, एवढं हुशार यंत्र आणि चहा कसला आणतंय? ह्याला पोलिसात घाला, फौजदाराच्या जोडीला द्या!

तीन दिवसांत नाटक लिहून काढलं. नाव 'लोखंडी शिपाई'. गोष्ट साल दोन हजारची. एक फौजदार आणि त्याचा जोडीदार, यंत्राचा शिपाई, नंबर शंभर. शंभर नंबरला झोप नाही, भूक नाही, चिरीमिरी चालत नाही. समोरचा माणूस खोटं बोलला की त्याच्या छातीवरचा दिवा लागतो. विहिरीवरची मोटर चोरीला जाते आणि दोघं मिळून चोर धरतात. साल दोन हजारमध्येही आमच्याकडं मोटरच चोरीला जाईल असं मला वाटलं होतं, आणि ते तंतोतंत खरं ठरलं.

फौजदार अर्थात मी. चोर रंगनाथ, माझा जिगरी दोस्त. पण शंभर नंबर व्हायला कुणी तयार होईना.

"तोंड दिसनार न्हाई, मंग नाटकात काम केलं काय आन् घरी झोपलं काय?" रंगनाथ म्हणाला. बाकीच्यांचंही तेच.

त्यांचंही बरोबर होतं. आमच्याकडं नाटकात काम करायचं ते शेवटच्या मानासाठी. नाटक संपलं की एकेकाला पुढं बोलवायचं, कर्ण्यावरून त्याचं पूर्ण नाव घ्यायचं, बापाच्या नावासकट, गावासकट, आणि पाहुण्यांच्या हातून टॉवेल, टोपी, नारळ द्यायचा. ते नाव पार वेशीबाहेर ऐकू जायचं. ती टोपी माणूस वर्षभर लग्नाकार्यात घालून मिरवायचा.

मग मी सूर्यभानला धरलं.

सूर्यभान माझा सालगडी. मूळचा पाथर्डीकडचा, कोरडवाहू मुलखातला. चार वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या टोळीबरोबर आला. हंगाम संपला, टोळी माघारी गेली, हा आणि ह्याची बायको लंकाबाई आमच्या वस्तीवर राहिले. आता ह्या टोळ्यांची एक तऱ्हा आहे. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. वीस कोयत्यांची टोळी म्हणजे चाळीस माणसं. एकटा आलेला गडी अर्धा कोयता. सूर्यभान टोळी सोडून राहिला तरी गावानं त्याचं तेच चालू ठेवलं. "ए कोयत्या, बैलं सोड." "कोयत्याला हाक मारा, पोती उचलायचीत." दुकानात तेच, पिठाच्या गिरणीवर तेच. मीसुद्धा घरात येऊन विचारायचो, "कोयता आला का रानातनं?" चार वर्षं मी त्याला हेच म्हणत होतो. आज ते लिहायलाही नको वाटतं. तेव्हा मात्र मला ते लाडाचं नाव वाटायचं.

कामाचा माणूस कसा असतो ते मी त्याच्याकडं बघून शिकलो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन तो ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचा, तेव्हा कंबरेच्या वरचं अंग तसूभर हलायचं नाही. पाऊल मोजून टाकायचं, मान ताठ, नजर समोर. फळीवर अंग हललं की मोळीसकट माणूस खाली. मी त्याला शंभर नंबरची चाल शिकवायला गेलो, तर तो म्हणाला, "फळीवं चढल्यावानी चालू का?" आणि चालून दाखवलं. रंगनाथ बघतच राहिला. मग मी म्हटलं, फौजदार बोलत असताना शंभर नंबरनं उभं कसं राहायचं? तो जरा विचारात पडला. "मुकादमाम्होरं उबा ऱ्हातो तसा ऱ्हातो," म्हणाला, आणि उभा राहिला. डोळे उघडे, पण कुणाकडं बघत नाहीत. मी हसून हसून बेजार झालो होतो तेव्हा. हसलो होतो, हे लक्षात ठेवा.

पण तालमीआधीच त्यानं एक अट घातली होती. गोठ्यात बैलांना वैरण टाकता टाकता, माझ्याकडं न बघता.

"दादा, शेवटाला माजं नाव घ्याल ना? कर्न्यावरनं?"

"घेईन की."

"समदं? सूर्यभान कानिफनाथ गर्जे?"

"समदं."

"आन् गाव?"

"गाव तुझं का आमचं?"

तो थांबला. पेंढी हातातच. "तुमी म्हनाल त्ये," म्हणाला.

मग हळूच कारण सांगितलं. त्याचा बाप, कानिफनाथ, दरसाल टोळीबरोबर येत होता. मुलगा परमुलखात राहिला हे म्हाताऱ्याला कधीच पटलं नव्हतं. जाताना म्हणायचा, "तितं तुला नावानं हाक कोन मारनार?" आणि यंदा कारखान्याचा पट्टा जत्रेच्या दोन दिवस आधी पडणार होता, म्हणजे उसाचा हंगाम संपणार होता. टोळीच्या बैलगाड्या आमच्याच गावावरून परत जाणार होत्या.

"बापाला सांगतो, जत्रंला थांब. शेवटापत्तर हालू नगं."

"सांग. पण तू काय काम करतोयस ते सांगू नको," मी म्हटलं. "गावात कुणाला कळता कामा नये आत माणूस कोण आहे ते. मजा जाईल."

"बापालाबी न्हाई?"

"बापालाबी नाही. नाव ऐकेल तेव्हा कळू दे."

तो हसला. त्याचे खालचे दोन दात पडलेले होते, हसला की पोरासारखा दिसायचा. "मंग लईच भारी हुईल," म्हणाला. मी भैरोबाच्या देवळाकडं हात करून शब्द दिला.

अंग तयार केलं रॉकेलच्या डब्यांचं. मी आणि रंगनाथनं पत्रा कापला, ठोकला, आतून ओलं गोणपाट लावलं. डोक्याला डालड्याचा मोठा डबा, डोळ्यांना दोन भोकं, तोंडाला नरसाळं. छातीवर बॅटरीचा बल्ब, त्याचं बटण सूर्यभानच्या मुठीत. आणि पाठ बंद करायला पंपाचे सहा बोल्ट, बाहेरून आवळायचे. म्हणूनच त्यानं विचारलं होतं, बाहेर निघायचं कसं. मी म्हटलं, "मी आहे ना. नाव घेतो, बोल्ट काढतो, तू सगळ्यांदेखत बाहेर येतोस. बाप बघेल." असं ठरलं होतं. नाटकाचा खरा शेवट तोच होता.

आता नाटक. चैत्रातली दुपार, चारचा सुमार, देवळापुढं मांडव. आधी मी फौजदार म्हणून आलो, टाळ्या पडल्या. मग म्हटलं, "शंभर नंबर, हाजीर हो!" आणि पडद्यामागून तो आला. फळीवर चढल्यासारखा, एकेक पाऊल. उन्हाचा कवडसा पत्र्यावर पडला आणि पुढची पोरं ओरडत आयांच्या कुशीत शिरली. एक कुत्रं भुंकत सुटलं ते गावाबाहेर जाऊनच थांबलं. मग जे बोलणं सुरू झालं, माझी वाक्यं कुणी ऐकेचना.

"ह्येला वैरन लागती का डिझेल?"

"दोन्ही लागत न्हाई म्हनं."

"मंग मलाबी एक आना. आमचा गडी चार भाकरी खातो."

"आगं बाई, पन ह्याची आय कोन?" ही रंगुबाई, गावातली सगळ्यात म्हातारी. "आय न्हाई? बिचारं!"

रंगनाथची मिशी घामानं सुटून हनुवटीवर आली, ती त्यानं तशीच दाढी म्हणून चालवली. मी विचारलं, "मोटर तू चोरलीस?" तो म्हणाला, "आईशप्पथ न्हाई!" आणि शंभर नंबरच्या छातीवर दिवा लागला. काय सांगू! मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. रंगनाथनं तीनदा शपथ घेतली, तीनदा दिवा. पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "सरपंचाला इचारा काय तरी!" सरपंच उठून पाणी प्यायला गेले.

आमच्याकडं नवा ट्रॅक्टर आला, नवी मोटर आली की हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. लोखंड घरात आलं की आधी त्याचा मान. नाटक संपत आलं तशा पाच-सात बायका ताट घेऊन थेट स्टेजवर चढल्या. माझी बायको केशरबाई सगळ्यांत पुढं, तिलाही आत कोण हे ठाऊक नव्हतं. पत्र्याच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. त्यांच्यात लंकाबाईही होती. ती वाकली, कुंकू लावता लावता अगदी हळू म्हणाली, मी शेजारीच होतो म्हणून मला ऐकू आलं, "पानी पायजे का?" शंभर नंबर हलला नाही. यंत्र तहानत नाही, असं मीच लिहिलं होतं.

इथून पुढचं आठवलं की मला अजून पाणी प्यावंसं वाटतं.

तालुक्याचे पाहुणे पुढच्या खुर्चीत होते. मोठे गृहस्थ, गावाला रस्ता मिळायचा तो त्यांच्या शब्दावर. ते उठून स्टेजवर आले. पत्र्यावर बोटानं टकटक केलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, सगळ्या गावादेखत, आणि म्हणाले, "मच्छिंद्रराव, हे यंत्र आणलंत कुठून?"

मच्छिंद्रराव! मला आजवर कुणी राव म्हटलं नव्हतं. समोर सगळं गाव बघतंय. सांगायचं एवढंच होतं, की साहेब, आत माझा गडी आहे, सूर्यभान. चार शब्द. पण गड्याला डब्यात घालून आणलंय म्हटलं की पाहुणे हसतील, आणि तो हात खांद्यावरून निघेल, असं मला वाटलं.

मी म्हणालो, "पुण्याहून आणलंय. ओळखीनं."

आणि शंभर नंबरच्या छातीवर दिवा लागला.

लोकांना वाटलं नाटकच चाललंय, हशा पिकला. पाहुणे खूश. "अरे, हे अजून चालूच आहे!" दिवा विझला नाही. मी त्याच्याकडं पाठ केली आणि माईक हातात घेतला.

नावं घ्यायला सुरुवात केली. रंगनाथचं घेतलं, बापाच्या नावासकट. बाकीच्या पोरांची घेतली. माझं मी रंगनाथकडून घेववलं. प्रत्येकाला टॉवेल, टोपी, नारळ. मांडवाच्या टोकाला, गाड्यांच्या रांगेपाशी, एक उंच म्हातारा बैलाच्या जूवर हात ठेवून उभा होता. प्रत्येक नावाला तो मान पुढं करायचा. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण उभं राहण्यावरून ओळखलं. मुलगा हुबेहूब तसाच उभा राहायचा.

शेवटची एक टोपी ताटात उरली होती. कुणी म्हणेल, विसरलात असाल गडबडीत. मी विसरलो नव्हतो. नाव माझ्या तोंडात होतं. पाहुणे शेजारी उभे होते. मी म्हणालो, "कार्यक्रम संपला असं जाहीर करतो," आणि ती टोपी पाहुण्यांच्या ड्रायव्हरला दिली.

म्हाताऱ्यानं जूवरचा हात काढला. मग त्यानं बैलं जुंपली. टोळीच्या गाड्या निघाल्या.

मी पाहुण्यांना चहाला घरी नेलं. अर्धा तास, पाऊण तास झाला असेल. माघारी आलो तर स्टेजवर लंकाबाई. तिच्याजवळ पाना नव्हता, तिनं कोयत्याच्या टोकानं बोल्ट उचकटले होते. पत्रा फाटलेला. सूर्यभान खाली बसलेला, अंगावरचं सगळं ओलं, घाम की गोणपाटाचं पाणी सांगता येत नव्हतं, आणि पायांना कुंकू. मुठीत अजून ते बटण.

"घावलं का तुमचं यंत्र?" लंकाबाई म्हणाली. "बघा, पुन्याला धाडायचं आसंल तर बांधून देते."

सूर्यभान म्हणाला, "लंके, गप." एवढंच. आणि पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो मोटेच्या बैलांना पाणी दाखवत होता, रोजच्यासारखा. मला वाटलं बोलेल, भांडेल. मी तर भांडणाची वाट बघत होतो. चार शिव्या घातल्या असत्या तर फिट्टंफाट झाली असती, अशी माझी समजूत. उलट झालं असं, की पोरं त्याच्या मागं लागायची, "ए कोयत्या, तुमच्या दादाचं यंत्र कुठं गेलं?" आणि तो सांगायचा, "पुन्याला." माझं खोटं त्यानं संभाळलं. गावाला त्याच्या तोंडून खरं कधीच कळलं नाही, रंगनाथनं आणि नाटकातल्या बाकीच्या पोरांनीही तोंड उघडलं नाही. पाहुण्यांनी रस्ता दिला. त्या रस्त्यानं मी आजही जातो.

साल पुरं करून पुढच्या पाडव्याला तो आणि लंकाबाई निघून गेले. पाथर्डीलाच. त्यानंतर बारा-पंधरा वर्षांनी मला नगरच्या बाजारात भेटला, केस पिकलेले, दोन मुलं हाताशी. "बरं हाय का दादा?" म्हणाला, चहा पाजला मला. माझ्या पैशानं घेईना. त्याच्या मुलांना मी नावं विचारली, त्यांनी बापाच्या नावासकट सांगितली, खणखणीत. मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही.

तुम्हा पोरांना मी ही गोष्ट इतकी वर्षं फक्त मिशीपर्यंत सांगत आलो. मिशी, कुत्रं, सरपंच. तुम्ही हसायचा, मीही हसायचो. आज पुढची लिहून काढली, कारण कर्ण्यावरून जे नाव घ्यायचं होतं ते कुठंतरी पूर्ण उमटलं पाहिजे. सूर्यभान कानिफनाथ गर्जे. शिपाई नंबर शंभर.

एक राहिलं. जत्रेनंतर अकराव्या दिवशी मी धीर करून त्याच्या खोपटापाशी गेलो होतो. श्रीरामपुरातून नवी टोपी आणली होती, टॉवेल आणला होता. तो बैलाचं दावं वळत बसला होता, लंकाबाई चुलीपाशी. मी म्हटलं, सूर्यभान, चुकलो मी. ही तुझी टोपी. पुढच्या जत्रेत सगळ्यात आधी तुझं नाव घेईन. तो दावं वळतच राहिला. पीळ पुरा झाल्यावर गाठ मारली, मग वर बघितलं. त्यानं जे सांगितलं त्यापायी मी दोनदा श्रीरामपूरच्या स्टँडवर जाऊन उभा राहिलो, टोपी पिशवीत घेऊन, आणि दोन्ही वेळा गाडी डोळ्यांदेखत सुटू दिली. त्या पावसाळ्यात त्याचा बाप वारला. टोपी अजून ट्रंकेत आहे, पुष्पावतीला माहीत आहे कुठं.

तो म्हणाला होता:

"टोपी मला नगं, दादा. माज्या बापाच्या डोस्क्यावं घाला, आन् त्येच्या गावात, त्येच्या लोकांम्होरं माजं नाव घ्या. सकाळची यष्टी सातला सुटती, नगरात बदलायची."